डोळ्यांसाठी आलेलं बाळ आणि अकराव्या गुणसूत्रावरचे दोन शेजारी

पार्श्वभूमी

मी ठाण्यात जनुकीय समुपदेशक म्हणून काम करते. हे प्रकरण बाळाच्या आईवडिलांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, वैद्यकीय घटनाक्रम तसाच ठेवला आहे.

बाळाचा जन्म एप्रिल २०२३ चा. मुलगा, पहिलं अपत्य, वजन व्यवस्थित. वडील रबाळे एमआयडीसीत सीएनसी मशीनवर, आई घरी, सोबत वडिलांची आई. बारशाला जी बाई पाळण्यात डोकावली ती हेच म्हणाली, काय काळेभोर टपोरे डोळे आहेत! आईने मला ही आठवण सांगितली तेव्हा तिला रडू आवरेना. ते डोळे काळेभोर दिसत होते, कारण बुबुळातला रंगीत पडदा जवळजवळ नव्हताच. दिसत होती ती फक्त मोठी झालेली बाहुली.

बाल्कनीच्या दाराशी नेलं की बाळ डोळे गच्च मिटून घ्यायचं आणि त्याची नजर एका जागी ठरायची नाही. अडीच महिन्यांचं असताना डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांना ॲनिरिडिया, म्हणजे हा पडदाच न घडणं, असल्याचं निदान केलं. काचबिंदूसाठी नियमित तपासणी लावून दिली आणि जनुकीय तपासणी करायला सांगितलं. कुठली, ते चिठ्ठीवर लिहिलं नव्हतं. घरच्यांनी जवळच्या लॅबमध्ये विचारलं आणि तिथे कॅरिओटायपिंग, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, झालं. तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला: ४६, एक्सवाय, नॉर्मल.

घरात पेढे वाटले गेले.

अडचण

माझ्याकडे ही मंडळी आली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये, बाळ सात महिन्यांचं असताना. कारण वेगळंच होतं. दुसऱ्या मुलाला असं होईल का, हे वडिलांना विचारायचं होतं. आईला विचारायचं होतं ते तिने आधी उच्चारलंच नाही. ते आजींनी सांगितलं. २०२२ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, २५ ऑक्टोबरला सूर्यग्रहण होतं. सून चार महिन्यांची गरोदर होती आणि तिने संध्याकाळी भाजी चिरली होती. 'ग्रहण पाळलं नाही, ते डोळ्यांवर आलं,' असं घरात सतत बोललं जात होतं.

मी फाइल पहिल्या पानापासून वाचली. नेत्रतज्ज्ञांचा कागद होता, कॅरिओटाइपचा रिपोर्ट होता आणि त्यांच्याखाली प्रसूतिगृहाचं डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर निळ्या शाईत एक ओळ होती: डाव्या बाजूचं वृषण खाली उतरलेलं नाही, सहा महिन्यांनी दाखवणे. ही तक्रार नवजात मुलांमध्ये नेहमी दिसते, म्हणून कुणी दचकलं नव्हतं. डोळ्यांचे डॉक्टर डिस्चार्ज कार्ड पाहत नाहीत आणि बालरोगतज्ज्ञांपर्यंत डोळ्यांचा कागद पोचला नव्हता. एकाच प्लास्टिकच्या फाइलमध्ये दोन्ही कागद पाच महिने एकमेकांना लागून पडून होते.

मला मात्र ते एकत्र वाचताच धडकी भरली. घरात कुणालाही नसताना ॲनिरिडिया, आणि त्याच मुलाचं वृषण न उतरलेलं. या दोन गोष्टी जिथे एकत्र येतात त्या आजाराचं नाव वॅगर सिंड्रोम. त्यातला पुढचा धोका मूत्रपिंडात असतो: विल्म्स ट्यूमर, लहान मुलांचा कर्करोग. बाळाच्या पोटाची सोनोग्राफी तोवर एकदाही झालेली नव्हती.

डोळ्याचा आणि मूत्रपिंडाचा संबंध काय, हे समजायला जनुकांचे पत्ते बघावे लागतात. अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर ११पी१३ नावाचा पट्टा आहे. तिथे पॅक्स-६ आणि डब्ल्यूटी-१ ही दोन जनुकं साधारण सहा लाख बेस-जोड्यांच्या (डीएनएमधल्या अक्षरांच्या जोड्यांच्या) अंतरावर आहेत. दोन्ही ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर बनवतात, म्हणजे डीएनएवर ठरावीक जागी बसून इतर जनुकं चालू-बंद करणारी प्रथिनं. माणसात अशी सुमारे १६०० प्रथिनं आहेत. पॅक्स-६ डोळ्याच्या घडणीचं काम पाहतं, डब्ल्यूटी-१ मूत्रपिंड आणि जननेंद्रियांच्या. शरीराचा आराखडा ठरवणाऱ्या हॉक्स कुटुंबातली ३९ जनुकं २, ७, १२ आणि १७ या गुणसूत्रांवर चार झुंडी करून बसली आहेत आणि त्यांच्या तिथे ओळीने असण्याला जुनं, उत्क्रांतीतलं कारण आहे. पॅक्स-६ आणि डब्ल्यूटी-१ यांचं तसं काही नाही. या दोघांची भावकी नाही, नुसता शेजार आहे. पण तिथला तुकडाच गळाला तर दोघंही जातात.

हा पत्ता कसा सापडला तेही मला इथे सांगायचं आहे. १९६४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मिलर आणि सहकाऱ्यांनी विल्म्स ट्यूमर झालेल्या ४४० मुलांचे कागद तपासले. त्यातल्या सहा मुलांना ॲनिरिडिया होता. इतका दुर्मीळ आजार एवढ्या मुलांत सहादा दिसणं योगायोगाचं नव्हतं. १९७८ मध्ये अशा मुलांच्या अकराव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूतला तुकडा नसल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. १९८० मध्ये फ्रान्सच्या संशोधकांना आढळलं की अशा मुलांच्या रक्तात कॅटालेज हे एन्झाइम निम्मंच आहे. जनुकाच्या दोन प्रती असतात, त्यातली एक गेली होती, म्हणजे कॅटालेजचं जनुकही त्याच पट्ट्यात असणार. मग कुणाचा तुकडा कुठून कुठपर्यंत गळाला आहे, कुणाला कुठली तक्रार आहे, हे एकावर एक ठेवून पाहत पाहत जागा आवळत गेली. १९९० मध्ये डब्ल्यूटी-१ हाती लागलं, १९९१ मध्ये पॅक्स-६. या नकाशावरची एकेक खूण एकेका आजारी मुलाच्या रक्तातून आली आहे, म्हणून तो वापरायचाच राहून गेला की मला फार लागतं.

कॅटालेजमधून आणखी एक गोष्ट कळते. कॅटालेज निम्मं झालं तरी त्या मुलांना त्याचा त्रास होत नाही, उरलेलं पुरतं. पॅक्स-६ निम्मं झालं की बुबुळाचा पडदा घडत नाही. ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरचं पुष्कळदा असं असतं, त्याचं मोजमाप चुकलं की खालची सगळी कामं बिघडतात. डब्ल्यूटी-१ ची तऱ्हा निराळी. एक प्रत गेल्याने वृषण न उतरणं यासारखे दोष येऊ शकतात, पण गाठ होण्यासाठी साधारणपणे मूत्रपिंडातल्या एखाद्या पेशीत दुसरी प्रतही बिघडावी लागते. जन्मापासून एकच प्रत असलेल्या मुलात तो दुसरा बिघाड व्हायला जेमतेम एक संधी पुरते. अशा मुलांपैकी जवळपास निम्म्यांना गाठ होते, आणि बहुतेक गाठी वयाच्या आठ वर्षांच्या आत दिसतात.

मग कॅरिओटाइप नॉर्मल कसा? त्यात गुणसूत्रं रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. साधारण ५० लाख ते १ कोटी बेस-जोड्यांपेक्षा लहान तुकडा गेला असेल तर डोळ्याला कळत नाही. वडिलांना मी म्हटलं, पारसिकच्या डोंगरावरून खाली बघितलं तर रेल्वेचा रूळ दिसतो, पण त्यावरचं एखादं स्टेशन नाहीसं झालं असेल तर तिथून समजेल का? त्यांनी माझ्या टेबलावरचा कागद ओढला आणि पेनने एक आडवी रेघ मारून लिहिलं: ठाणे, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे. मग ऐरोली आणि रबाळे यांच्याभोवती एक गोल काढला. 'म्हणजे ही दोन्ही एकदम गेली असतील?' मी हो म्हटलं. तो कागद अजून त्यांच्या फाइलमध्ये आहे.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पॅक्स-६ जनुकाचं सीक्वेन्सिंग, म्हणजे त्याची अक्षरं ओळीने वाचणं. घराण्यात चालत आलेल्या ॲनिरिडियात ते उत्तम, कारण तिथे बहुधा जनुकातलं एखादं अक्षर चुकलेलं असतं. पण इथे अख्खी प्रत गळाली असेल तर मशीन दुसऱ्या गुणसूत्रावरची चांगली प्रत वाचतं आणि प्रतींची मोजणी वेगळी केली नाही तर रिपोर्ट पुन्हा नॉर्मल येतो. या घरात दुसरा खोटा दिलासा मला जाऊ द्यायचा नव्हता.

दुसरा फिश. पॅक्स-६ आणि डब्ल्यूटी-१ वर चिकटणारे चमकते तुकडे सोडायचे आणि प्रत्येकाचे ठिपके दोन दिसतात की एक, ते मोजायचं. उत्तर नेमकं मिळतं, पण विचारलं तेवढंच. तिसरा एमएलपीए. या पट्ट्यातल्या जनुकांच्या प्रती मोजतो, खर्च आटोक्यात. चौथा मायक्रोॲरे, सगळ्यात महाग. तो सगळ्या गुणसूत्रांवर कुठे काय कमी-जास्त आहे ते दाखवतो आणि गळालेल्या तुकड्याच्या दोन्ही कडा सांगतो.

पाचवा पर्याय तपासणीच न करण्याचा. वॅगर आहे असं धरून आठ वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी मूत्रपिंडाची सोनोग्राफी करत राहायची. पैसे वाचतील असं वरवर वाटतं. पण डब्ल्यूटी-१ शाबूत निघालं तर ती तीसेक सोनोग्राफ्यांची धास्ती त्या आईने विनाकारण सोसलेली असेल.

वडिलांनी सरळ विचारलं, 'मॅडम, एकच परवडणार आहे. तुमचं मूल असतं तर कुठली केली असती?' ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये अशा बाहेरच्या तपासण्या बसत नव्हत्या. मी मायक्रोॲरे म्हटलं, आणि कारणही सांगितलं. तुकड्याच्या कडा कळल्या की मूत्रपिंडाशिवाय आणखी कशाकडे लक्ष द्यायचं तेही कळतं. त्याच बाहूवर थोडं पुढे बीडीएनएफ नावाचं जनुक आहे. तुकडा तिथपर्यंत गेला असेल तर मुलाचं वजन आवरेनासं वाढण्याची शक्यता असते. एमएलपीए निवडला असता तरी तो चुकीचा ठरला नसता, हेही मी त्यांना सांगितलं.

काय केलं

मायक्रोॲरेचा रिपोर्ट यायला तीन आठवडे लागणार होते. तोवर सोनोग्राफी थांबवायची की नाही, हा माझ्या दृष्टीने या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता. रिपोर्टआधी केली तर कर्करोगाचा विषय त्याच दिवशी काढावा लागणार. आईची अवस्था बघता तो पुढे ढकलावा असं मनात आलं. पण पाच महिने आधीच गेले होते. सोनोग्राफी त्याच आठवड्यात झाली. दोन्ही मूत्रपिंडं स्वच्छ होती.

डिसेंबरमध्ये रिपोर्ट आला. ११पी१३ वर सुमारे २१ लाख बेस-जोड्यांचा तुकडा एका गुणसूत्रावर नव्हता. पॅक्स-६ त्यात, डब्ल्यूटी-१ त्यात. बीडीएनएफ आणि कॅटालेज, दोन्ही बाहेर, शाबूत.

त्या दिवशी मी आजींनाही मुद्दाम बोलावलं होतं. त्यांना अक्षरं वाचता येतात, इंग्रजी येत नाही. मी रिपोर्टवरचा आलेख समोर धरला, खाली घसरलेले ठिपके बोटाने दाखवले आणि म्हटलं, 'आजी, हा तुकडा पोटातल्या पहिल्या पेशीपासूनच नाही. ग्रहण लागलं तेव्हा बाळ चार महिन्यांचं होतं. डोळ्यांची घडण तर पहिल्या महिन्यातच सुरू होते. हे सगळं ग्रहणाच्या कितीतरी आधी ठरून गेलं होतं.' त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि आलेख बराच वेळ पाहिला. मग सुनेकडे न बघता विचारलं, 'म्हणजे भाजीचा काही संबंध नाही?' नाही, म्हटलं. त्यांनी सुनेच्या मांडीवरचं बाळ आपल्या मांडीवर घेतलं. पुढे त्या विषयावर माझ्यासमोर कुणी बोललं नाही.

मग कामांची वाटणी झाली. डोळ्यांचा दाब आणि मोतीबिंदू नेत्रतज्ज्ञांकडे. वृषणासाठी बालशल्यचिकित्सक. मतिमांद्य किंवा वागण्यातल्या अडचणींचा धोका या आजारात असतो, पण प्रत्येक मुलात तो निराळा, म्हणून विकास तपासणी आणि दृष्टी कमी असलेल्या मुलांसाठीचं प्रशिक्षण आधीपासून. आणि सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी, एकाच केंद्रात, शक्यतो एकाच डॉक्टरांकडे. मागची प्रतिमा ज्यांनी स्वतः पाहिली आहे, त्यांना नवा डाग लवकर कळतो.

आईवडिलांची फिश जानेवारी २०२४ मध्ये केली. वडील हा खर्च टाळू पाहत होते. पण आईच्या किंवा वडिलांच्या पेशीत हा तुकडा अकरावरून निघून दुसऱ्या गुणसूत्रावर जाऊन बसलेला असू शकतो. त्या व्यक्तीला काही होत नाही, कारण माल तोच असतो, जागा फक्त बदललेली. मुलाकडे जाताना मात्र तुकडा हरवू शकतो, आणि मग पुढच्या मुलालाही धोका मोठा असतो. इथे पुन्हा प्रश्न जनुक आहे की नाही एवढाच नव्हता, ते कुठे आहे हा होता. मायक्रोॲरे प्रती मोजतो, जागा सांगत नाही. त्यामुळे फिशला पर्याय नव्हता. दोघांच्याही अकरावर दोन्ही खुणा जागच्या जागी निघाल्या. पुढच्या मुलाचा धोका फार कमी, पण शून्य नाही, आणि गरोदरपणात तपासणी करता येते, असं मी लिहून दिलं.

निकाल

फेब्रुवारी आणि मे २०२४ च्या सोनोग्राफ्या स्वच्छ. ऑगस्टची राहून गेली. त्या वर्षी ७ सप्टेंबरला गणपती बसले, घरचं सगळं कोकणात गेलं, आणि मी आठवण करायला फोन केला नाही. सप्टेंबरअखेर केली तेव्हा स्वच्छ होती. डिसेंबर २०२४ च्या शेवटी डाव्या मूत्रपिंडात १८ मिलिमीटरची गाठ दिसली. बाळ वीस महिन्यांचं होतं. पोट फुगलेलं नव्हतं, ताप नव्हता, लघवीत रक्त नव्हतं. बाहेरून काहीही दिसत नव्हतं.

पुढचे उपचार मुलांच्या कर्करोगतज्ज्ञांनी केले. वॅगरमध्ये दुसऱ्या मूत्रपिंडातही गाठ होऊ शकते आणि मोठेपणी मूत्रपिंड निकामी होण्याचा धोकाही असतो. म्हणून अख्खं मूत्रपिंड काढायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच भेटीत ठरवलं. आधी केमोथेरपी देऊन गाठ आक्रसली, मग तेवढा भाग कापून काढला, मग पुन्हा केमो. गाठ विल्म्सचीच होती. डाव्या मूत्रपिंडाचा बराचसा भाग वाचला. उपचार संपले आहेत, तपासण्या चालू आहेत. डोळ्यांचा दाब औषधाच्या थेंबांनी आटोक्यात आहे. मुलगा गडद काचांचा चष्मा आणि पुढे झडप असलेली टोपी घालून बागेत जातो.

कुठे वेगळं करता आलं असतं

निदान ते पहिली सोनोग्राफी, यात जवळजवळ पाच महिने गेले. त्या काळात गाठ झाली नाही, हे नशीब. कुटुंबात कुणाला नसलेला ॲनिरिडिया दिसला की त्याच चिठ्ठीवर 'मूत्रपिंडाची सोनोग्राफी, आणि पॅक्स-६ व डब्ल्यूटी-१ साठी प्रतींची मोजणी' एवढं लिहिलं पाहिजे. नुसतं 'जनुकीय तपासणी' लिहिलं की लॅबमध्ये जी नेहमी होते ती होते. ठाण्यातल्या ज्या नेत्रतज्ज्ञांशी माझा संपर्क आहे त्यांना मी या एका ओळीचा नमुना पाठवला आहे.

कॅरिओटाइपच्या रिपोर्टच्या तळाशी बारीक इंग्रजीत लहान बदल दिसत नसल्याचं लिहिलेलं होतं. घरच्यांनी वाचलेला शब्द ठळक होता: नॉर्मल. आता कुठलाही नॉर्मल रिपोर्ट हातात देताना मी त्यावर पेनने मराठीत लिहिते, 'या तपासणीत मोठा बदल दिसला नाही. लहान तुकडा गळाला आहे का, हे यातून कळत नाही.'

पहिल्याच भेटीत कर्करोगाचं नाव काढणं मला अजून टोचतं. सोनोग्राफी त्याच आठवड्यात करण्याचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. पण आईने नंतर सांगितलं की त्या शब्दानंतरचं तिला काहीही ऐकू आलं नव्हतं, आणि मी पुढे अर्धा तास बोलत होते. तेव्हा थांबायला हवं होतं, दोन दिवसांनी पुन्हा बोलवायला हवं होतं. आता मी तसं करते.

चुकलेल्या ऑगस्टबद्दल मी त्या घराला दोष देत नाही. दर तीन महिन्यांची तारीख वर्षानुवर्षं सांभाळणं नोकरी, शिफ्ट आणि सणवार असलेल्या घराला जड जातं. आठवण करणं माझ्या कामाचा भाग होता. आता आम्ही वर्षाच्या चारही तारखा जानेवारीतच कालनिर्णयवर लिहून ठेवतो, आणि पावसाळ्यातली तारीख कोकणात जायच्या आधीची धरतो. मुलाच्या फाइलच्या वरच्या कप्प्यात मराठीत लिहिलेलं एक पान आहे: आजाराचं नाव, ११पी१३, पोटाला जोर देऊन दाबू नये, ताप आला तर कुणाला फोन करायचा. गावच्या डॉक्टरांकडे आई ते पान आधी पुढे करते. या वर्षीची तिसरी सोनोग्राफी गणपतीच्या दहा दिवस आधी ठरली आहे.